पाणघोड्याचं गाऱ्हाणं

आचरा गावातल्या आमच्या वाडीत कोंबडा आरवतो, पण त्याच्यावर कोणी विसंबत नाही. दिवस उजाडतो तो तातूकाकांच्या जनावरावर. रोज सकाळी वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी स्वतः काढलेला एक फोटो येतो. कधी पाणघोडा, कधी माकड, कधी कोपऱ्यात तोंड खुपसून झोपलेल्या वाघाची नुसती पाठ. फोटोच्या कडेला काकांचा अंगठा बहुतेक असतोच. आणि खाली गाऱ्हाणं: "बा देवा म्हाराजा, ह्यो पाणघोडो जसो पाण्यात सुखान बसलो आसा, तशीच आमची वाडी सुखान ठेव रे म्हाराजा!"

देवळात एकाने गाऱ्हाणं घातलं की बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. काकांनी ती फोनवर आणली. फोटो नुसता पाहून भागत नाही, "व्हय म्हाराजा" लिहावंच लागतं.

तातूकाका माझे शेजारी. मध्ये फक्त एक कमरेएवढा दगडी गडगा. जन्मभर ते यात्रेच्या बसवर आचारी होते. लोक देवदर्शनाला गेले की हे भाताचा तोप झाकून त्या गावातलं प्राणिसंग्रहालय गाठायचे. "देव काय, आमच्याकडे पण आसा. पाणघोडो खंय आसा?" या फिरतीत लग्न मात्र राहूनच गेलं.

रविवारी जनावरांना सुट्टी. त्या दिवशी रस्त्यावरची एखादी पाटी येते. "हा रस्ता विजयदुर्गला जात नाही, पुन्हा पुन्हा विचारू नये." काकांची सगळ्यात लाडकी पाटी वेगळीच आहे: "कुत्र्यापासून सावध राहा. म्हातारा आहे, अंगावर पाय पडेल." तिच्यासाठी त्यांनी म्हणे भरली बस थांबवली होती, आणि त्या कुत्र्याला चपातीही घालून आले होते.

"व्हय" लिहायला उशीर झाला की काका स्वतः हजर होतात. एका शनिवारी मी अंथरुणात लोळत होतो, तर खिडकीच्या गजांतून फोन आत आला. "जिराफ बघलंस? मगे 'व्हय म्हाराजा' खंय?" पांघरूण डोक्यावर ओढून मी ओरडलो, "व्हय म्हाराजा!" तेव्हा कुठे काका हलले.

शेवटी ग्रुपचा अ‍ॅडमिन नंदू वैतागला. तो रिक्षा चालवतो, मनाने सरळ पण डोक्याने गरम. "लायटीचो निरोप, पाण्याचो निरोप, ह्येंच्या माकडांत काय एक गावना नाय!" असं म्हणून त्याने ग्रुपला कुलूपच घातलं. लिहील तर फक्त अ‍ॅडमिन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तातूकाका सायकल काढून घरोघर निघाले. हातात फोन, फोनवर साळिंदर. दारात उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, "व्हय" घ्यायचं आणि पुढे जायचं. वाडीला हसू आवरेना. शालिनीकाकीच्या दारात मात्र "व्हय" आलं नाही. तिचे मुलगे मुंबईला, घरात ती एकटी. काका मागीलदारी गेले, तर काकी विहिरीजवळ घसरून पडलेली, पाय सुजलेला, फोन आत चुलीपाशी. नंदूच्याच रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं.

परत आल्यावर नंदूने गुपचूप कुलूप काढलं. काका एवढंच म्हणाले, "फोटो नाय बघलास तरी चलात रे. माका 'व्हय' होया."

आमच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. वाडीतल्या निम्म्या घरांत एकेकटं म्हातारं माणूस राहतं. काका रोज सकाळी त्यांची हजेरी घेत होते, आणि आम्ही जनावरांना हसत होतो.

परवा सकाळी फोटोच आला नाही. मी चहा ठेवला, फोन पाहिला, चहा उतू गेला, पुन्हा फोन पाहिला. गडग्यावरून उडी मारली, तर नंदूची रिक्षा काकांच्या दारात आधीच उभी. मागून शालिनीकाकी काठी टेकत येत होती, आणि तिच्यामागून आणखी चार जण.

काका घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसले होते. आंघोळ झालेली, फोन मांडीवर.

"काय झाला? फोटो खंय?" नंदू ओरडला.

"काय नाय. माका कोण बघूक येता, तां मी बघी होतंय."

"जीव गेलो असतो माझो!" नंदू पुन्हा ओरडला. शालिनीकाकीने काठी उगारली. काका पोरासारखे हसले आणि आत गेले. मीही मागोमाग गेलो. चुलीवर यात्रेच्या बसवरचा तो मोठा तोप होता आणि त्यात अख्ख्या वाडीला पुरेल एवढा चहा उकळत होता.

"काका, आणि कोणच इलो नसतो तर?"

त्यांनी माझ्याकडे न बघता तोपात डाव फिरवला.

"तर सगळी चाय माकाच पियाची लागली असती."

त्या दिवशी मी काकांकडे दुसरा कप मागून घेतला.