नॉर्वेची पाहुणी

नॉर्वेला जाणाऱ्या पर्यटकांकडे तिथली थंडी आठवडाभर आधी राहायला येते, म्हणजे ऐनवेळी जड जात नाही. जळगावच्या भिरूडांकडे ती मे महिन्यात, भर दुपारी आली. प्रमिलाताईंनी पायांवर घ्यायला पाण्याची बादली पुढे केली. पाणी गोठलं, आणि त्यांना आधीच थकल्यासारखं झालं.

खरं तर ही सहल त्यांनी पाहुण्यांपासून सुटका म्हणूनच मागितली होती. घर स्टेशनजवळ. लग्न झाल्यापासून तिथे कायम कुणीतरी उतरलेलं: परीक्षेला आलेला भाचा, दवाखान्यासाठी आलेली आत्या, बस्ता बांधायला आलेलं अख्खं गाव. चार दिवस कुणाचा चहा टाकायला लागू नये, एवढंच त्यांना नॉर्वेत हवं होतं. आणि आता नॉर्वेच घरी आलं होतं.

थंडीला मागची खोली दिली. रोज तासभर तिच्याजवळ स्वेटर न घालता बसा, असं ट्रॅव्हल कंपनीने बजावलं होतं. पण बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि थंडी आल्याचं कळताच गल्ली लोटली. सरोदेवहिनी जरा टेकते म्हणून आल्या त्या जेवूनच गेल्या. प्रमिलाताईंचे यजमान दत्तात्रय त्याच खोलीत आडवे होऊन सराव करत होते. प्रमिलाताई घाम पुसत चहा गाळत राहिल्या. थंडी अधूनमधून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायची, शेगडीमुळे आत न येता नुसती बघत उभी राहायची.

थंडीच्या निघायच्या दिवशी प्रमिलाताईंनी तिच्या हातावर दही ठेवलं आणि सवयीने तोंडून गेलं, "राहा की आणखी दोन दिवस. एवढी काय घाई?"

यावर नको नको म्हणायचं असतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. थंडीला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिने क्षणभर विचार केला आणि चपला काढल्या.

दत्तात्रयांनी कपाळावर हात मारून कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली की थंडीला राहू द्या, मात्र तिकिटं बदलणार नाहीत. तुमच्या वाट्याची थंडी नसल्यामुळे तिथे थोडं उकडेल. पाहुणी घरात ठेवून निघायचं, हे प्रमिलाताईंच्या जिवाला पटेना. त्या ओट्यापाशी बसून थोडं रडल्या. मग डोळे पुसून थंडीला साखरेचा डबा कुठे असतो ते दाखवलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा आली. दत्तात्रय बॅगा घेऊन आत बसले. प्रमिलाताई उंबऱ्यात आल्या, तेव्हा थंडीने त्यांच्या हातावर दही ठेवलं.

"राहा की आणखी दोन दिवस," ती म्हणाली. "एवढी काय घाई?"

या घरात त्यांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणणार तरी कोण, त्या कुठे पाहुण्या होत्या. नको नको ओठांवर आलं, पण तेवढ्यात त्यांचं लक्ष आत गेलं. शेगडी बंद होती आणि कपबश्या विसळून पालथ्या घातलेल्या होत्या.

त्यांनी हात हलवून दत्तात्रयांना पुढे व्हायला सांगितलं, चपला काढल्या, आणि मागच्या खोलीत जाऊन पाय लांब करून बसल्या. थोड्या वेळाने थंडीने चहा आणला. तो गारढोण होता. प्रमिलाताईंनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि अजून आहे का, असं विचारलं.