गुंडूअण्णांच्या डब्यातली शेवटची पानं

गुंडूअण्णांकडून आणलेल्या एकाही पुस्तकाला शेवटचं पान नसे. ते वाळवीनं खाल्लेलं नसे की पोरांनी फाडलेलं नसे. खुद्द अण्णांनीच ते ब्लेडनं कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवलेलं असे.

चिकपेटेतल्या आमच्या गल्लीत अण्णांचं शिंप्याचं दुकान होतं. घराणं मराठी, पण बंगळूरात इतक्या पिढ्या मुरलेलं, की मूळ गाव विचारलं तर अण्णा समोरच्या नळाकडे बोट दाखवायचे. आम्ही बेळगावकडचे, साठ सालाच्या आगेमागे वडिलांच्या बदलीमुळे आलेले. शाळेत आम्ही पोरं कन्नड वाचायचो आणि मराठी पुस्तक दिसलं की पळ काढायचो. आई मला घरी मराठी वाचायला शिकवायची, पण तो धडा आणि तिनं पाजलेलं एरंडेल, दोन्ही मी नाक दाबूनच घ्यायचे.

यावर अण्णांनी उपाय काढला. दुकानात गोष्टींच्या मराठी पुस्तकांची एक ट्रंक होती. कुणीही पुस्तक न्यावं, वाचून आणावं, मशीनशेजारच्या स्टुलावर बसून गोष्ट सांगावी. मग डब्यातून शेवटचं पान मिळे, तेही तिथंच मोठ्यानं वाचायच्या अटीवर.

"मनातल्या मनात वाचणं म्हणजे दार लावून जेवणं," अण्णा म्हणत. "चार जणांत वाच की गे!"

मी एकदा तीनच पानं वाचून पुढची गोष्ट ठोकून दिली. अण्णांनी कात्री खाली ठेवली. "कापड वारभर आणि झगा चार वारांचा? घरी जा. वाचून ये."

त्या एका पानापायी गल्लीतली पोरं जेवताना वाचू लागली, न्हाणीघराबाहेर नंबर लावून वाचू लागली. आई तक्रार घेऊन गेली, "अण्णा, दूध उतू गेलं तरी ही पोरगी उठत नाही!"

"स्वल्प सांभाळून घ्या अक्का," अण्णा म्हणाले. "दूधवाला उद्या परत येतोय."

कुठल्या पुस्तकाचं पान कुठलं, हे ओळखायची त्यांची शिंप्याची रीत होती. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आणि त्याच्या पानाला एकाच रंगाच्या दोऱ्याचा टाका. मी दहा वर्षांची असताना एकदा राजवाड्यात शिरलेल्या चोराची गोष्ट सांगून पान मागितलं. अण्णांनी दिलं, मी वाचू लागले, "मग हत्तीनं पोटभर ऊस खाल्ला आणि तो झोपी गेला."

"अण्णा, यात हत्ती कुठंच नव्हता!"

"मागनं आला असेल," अण्णा ठामपणे म्हणाले.

मी पान त्यांच्यापुढे धरलं. अक्षरांकडे न बघता त्यांनी दोरा दाराच्या उजेडात नेला. "हा हिरवा का निळा गे? डोळे फसवायला लागलेत." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोजचं कन्नड वर्तमानपत्र फडाफडा वाचणाऱ्या अण्णांना मराठी वाचताच येत नव्हतं.

"शाळा कन्नड, घर मराठी," ते हळूच म्हणाले. "बोलायला शिकलो, वाचायला कोण शिकवणार? कुणाला सांगू नको हां."

ट्रंक त्यांच्या बायकोची, काशीअक्कांची होती. त्याही बेळगावकडच्या. लग्नात भांडीकुंडी कमी आणि पुस्तकंच जास्त घेऊन आलेल्या. दुपारी अण्णा शिवत आणि त्या वाचून दाखवत. शेवटच्या पानाशी आल्या की पुस्तक मिटत. "आधी हातातला झंपर पुरा करा." शेवटचं पान राखून ठेवायची युक्ती मूळची त्यांची. त्या गेल्यावर दुपारी दुकानात फक्त मशीन बोलायचं. अण्णांना ते सोसेना. म्हणून त्यांनी आम्हा पोरांना पुस्तकं द्यायला सुरुवात केली.

मग अण्णांनी ट्रंकेच्या तळाचं एक पुस्तक काढलं. पांढऱ्या दोऱ्याचं. हे आजवर कुणाला दिलं नव्हतं. तांड्यातून चुकलेल्या सांडणीची गोष्ट होती. शेवटच्या पानाशी काशीअक्कांनी पुस्तक मिटलं आणि त्याच आठवड्यात तापानं त्या गेल्या.

"बारा वर्षं झाली," अण्णा म्हणाले. "सांडणी घरी पोचली का नाही, मला ठाऊक नाही. पोरांकडून वाचून घ्यायचा धीर होईना."

मी पहिल्या पानापासून वाचलं. मशीन थांबलेलं होतं. अण्णांनी डब्यातून काढून दिलेल्या शेवटच्या पानावर सांडणी वाळवंट तुडवत दारात येते. तिचा म्हातारा मालक रोज संध्याकाळी तिच्या हौदात पाणी भरून ठेवत असतो. त्या दिवशीही हौद भरलेला असतो.

"पोचली म्हणायची," अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, आणखी एकदा पुसला. मला फार बरं वाटलं आणि रडूही आलं.

मग त्यांनी सुईत पांढरा दोरा ओवला आणि ते पान जागच्या जागी शिवून टाकलं. बाकी सगळी पानं डब्यातच राहिली.

"सरी, झालं बरोबर," पुस्तक माझ्या हातात देत अण्णा म्हणाले. "उद्या ये आणि परत पहिल्यापासून वाच. आता घाई नाही."