फोर्कच्या ट्रॅव्हलबाबतचा ठराव

शेणवे गावच्या आशा सेविका कुणालीताई यांच्या जुन्या माउंटन बाइकचा फोर्क सोमवारी निकामी झाला, ही बाब आमच्या सायकलप्रेमी मंडळाच्या निदर्शनास आली. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या. खड्ड्यात त्या जितके मिलिमीटर दबतात, तो त्यांचा ट्रॅव्हल. ताईंना गुरुवारच्या आत वरच्या पाड्यावर पोचायचं होतं. तिथल्या सकुबाईच्या बीपीच्या गोळ्या गुरुवारी संपत होत्या.

शहापूरचा सायकलवाला सावळाराम म्हणाला, "फ्रेम पंधरा वर्षांची हाय. ऐंशी मिलिमीटरसाठी बनलीय, ऐंशीचाच टाका. तासाभरात देतो."

एवढा गंभीर विषय तासाभरात? मंडळाचा सचिव या नात्याने मी हरकत घेतली. शेणव्यात अजून ऐंशी वापरतात म्हणून लोक तोंडात शेण घालतील! मंगळवारी तातडीची सभा भरली. अध्यक्ष देवरामअण्णांनी शंभर सुचवला. एकाने एकशे वीस म्हटलं, कारण मुरबाडला त्याच्या साडूकडे एकशे वीस आहे. साडूचं नाव निघताच दुसरा एकशे चाळीसवर गेला. कुणालाही नाराज करायचं नाही, ही आमच्या मंडळाची रीत. म्हणून शास्त्रीय मार्ग काढला: पाड्याच्या रस्त्यावरचे खड्डे मोजायचे आणि सर्वांत खोल खड्ड्याएवढा ट्रॅव्हल घ्यायचा.

बुधवार-गुरुवारी एकशे बारा खड्डे मोजून झाले. सर्वांत खोल एकशे सत्तर मिलिमीटर भरला. ठराव एकमताने मंजूर.

"अण्णा, त्या गोळ्या..." कुणालीताई म्हणाल्या.

"विषयपत्रिकेवर नाय तो विषय," अण्णांनी प्रेमाने समजावलं.

खड्डे बुजवायची सूचनाही फेटाळली. बुजवले तर आमची मोजणी पाण्यात! ताई गोळ्यांची पिशवी उचलून चालत निघाल्या, तर आम्हीच आडवे झालो. मंडळ असताना आशाताई पायी जाणार म्हणजे आमची नाचक्कीच की.

फोर्क शनिवारी आला. सावळाराम बसवायला तयार होईना. "अवो, तोंड अर्धी वीत वर जाईल. चढाला चाक जमिनीला लागायचं नाय, नि फ्रेमची मान तुटंल." त्याला शाल घालून गप्प केलं. उद्घाटनाच्या बॅनरवर आम्ही चौदाही जण हसत होतो. सायकलीला जागा उरली नाही. नारळ फुटला, टाळ्या झाल्या.

पहिल्याच चढाला सायकल घोड्यासारखी उभी राहिली. ताईंनी ती ढकलत वर नेली आणि उतारावर पुन्हा स्वार झाल्या. तिसऱ्या खड्ड्यात फ्रेमची मान तुटली. गुडघे फोडून घेऊन ताई पायीच पाड्यावर पोचल्या. सकुबाई ओटीवर पडलेली होती. तिला उजवा हात उचलवत नव्हता, तोंड वाकडं झालेलं.

रविवारी चौकशी सभा बसली. फ्रेम जुनी असल्याचा निष्कर्ष निघाला. इतक्यात कुणालीताई दारात आल्या. रडून रडून डोळे सुजले होते.

"अण्णा, बाहेर तुमच्या चौदा मोटारसायकली उभ्या हायत. मंगळवारी पण होत्या. एकानं गोळ्या खिशात टाकून किक मारली असती, तर वीस मिनिटांचं काम होतं ओ!"

खोटं कशाला बोलू, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण वाचकहो, तुम्ही कशाला मान हलवताय? ऐंशी बरा की शंभर, हे तर तुम्हीही इथवर मनात ठरवत होतात.