फ्रिजमधला अंधार

दिवाणखान्यातला धबधबा काढायचा, एवढंच हेडक्लार्कनी ठरवलं होतं.

हा धबधबा म्हणजे त्यांच्या थोरल्या साडूंनी स्वतः काढून, स्वतःच फ्रेम करून भेट दिलेला फोटो. साडू दर भेटीला त्याच्यासमोर उभे राहत आणि कौतुकाने मान डोलवत. (स्वतःच्या फोटोकडे इतक्या निःपक्षपातीपणे पाहणारा माणूस हेडक्लार्कनी दुसरा पाहिला नव्हता.) हेडक्लार्क निवृत्त होऊन बराच काळ झाला होता, पण घरी त्यांना अजून हेडक्लार्कच म्हणत, आणि ते आता दिवसभर घरी असल्यामुळे जरा जास्तच म्हणत.

"काढा की धबधबा," बायको म्हणाली. "पण भिंत बोडकी राहता कामा नये. त्याच्यापेक्षा बरं काहीतरी लावा. उन्हाळ्यात ताई आणि भाऊजी यायचेत, त्याच्या आत."

बरं म्हणजे किती बरं? हेडक्लार्क कामाला लागले ते थेट आकाशापासून. गॅलरीतून एका तेजोमेघाचा, म्हणजे ताऱ्यांमधल्या चमकत्या वायूच्या ढगाचा, फोटो काढायचा. रस्त्यावरच्या दिव्यांनी आकाश उजळलेलं असतं खरं, पण त्यांनी खास फिल्टर आणले होते. एक फिल्टर फक्त हायड्रोजनचा उजेड आत सोडतो, दुसरा ऑक्सिजनचा, तिसरा गंधकाचा. बाकी सगळा उजेड दारातूनच परत. हेडक्लार्कना हे फार आवडलं. हयातभर त्यांनीही खिडकीपाशी बसून तेच केलं होतं.

थंडीच्या दिवसांत, गळ्याभोवती मफलर गुंडाळून त्यांनी तिन्ही फिल्टरचं काम उरकलं. निघाले ते तीन काळेपांढरे फोटो.

"रंग?" बायकोने विचारलं.

"रंग आपण द्यायचे. एकेका वायूला एकेक."

"म्हणजे रंग तुमच्या मनाचे? मग गंधकाला जरा मातकट द्या. पडद्यांना शोभेल."

हेडक्लार्कनी विज्ञानाच्या वतीने थोडा विरोध केला आणि मातकट दिला.

पण फोटोवर बारीक बारीक ठिपके होते. ते कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष. ते घालवायचे तर लेन्सवर झाकण ठेवून नुसत्या अंधाराचे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरला सांगायचं, यात जे दिसेल ते त्यातून वजा कर. मात्र हे अंधाराचे फोटो तेवढ्याच थंडीत काढावे लागतात. थंडी तर कधीच सरली होती, आणि ताई-भाऊजी या रविवारी येऊन ठेपणार होते. म्हणून शनिवारी दुपारी हेडक्लार्कनी कॅमेरा फ्रिजमध्ये ठेवला, एकामागून एक फोटो आपोआप निघत राहतील अशी व्यवस्था केली, आणि दारावर कागद चिकटवला : 'काम चालू आहे. दार उघडू नये.'

"कसले फोटो काढताय फ्रिजात?"

"अंधाराचे."

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही जरा पडा."

ते पडले, आणि पडल्या पडल्या झोपले.

संध्याकाळी कॉम्प्युटरने वजाबाकी केली आणि हेडक्लार्क खुर्चीतून उठून उभे राहिले. ठिपके गेले होतेच. पण तेजोमेघाच्या ऐन मध्यावर एक दाट, काळाकुट्ट, गुबगुबीत ढग उमटला होता. असे काळे ढग अवकाशात असतात, हे त्यांनी वाचलं होतं. आपल्या गॅलरीतून दिसतील, हे मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं. दुकान बंद होण्याआधी त्यांनी मोठी प्रिंट करून घेतली आणि धबधबा उतरवला.

रविवारी साडू आले. सवयीने भिंतीसमोर उभे राहिले. मान डोलली नाही. मग हळूहळू डोलली.

"हे तुम्ही काढलं?"

"घरून," हेडक्लार्क म्हणाले. (हा शब्द त्यांनी सकाळपासून राखून ठेवला होता.)

"रंग ठीक आहेत. पण हा काळा ढग! अहो, हा ढग म्हणजे कळस आहे!"

हेडक्लार्कनी घसा साफ केला. "ती धूळ आहे, भाऊसाहेब. प्रचंड धूळ. मागचा सगळा उजेड ती अडवते. तिच्या पोटात तारे जन्माला येतात."

"बघितलंस?" साडू आपल्या बायकोला म्हणाले. "पोटात तारे!"

एवढ्यात हेडक्लार्कांची बायको चहा घेऊन आली. ट्रे हातातच ठेवून ती फोटोकडे बघत राहिली.

"अहो, हा तर आपला फ्लॉवर."

"कुठला फ्लॉवर?"

"काल आणलेला. हा देठ, आणि हे मोडलेलं पान. मीच ठेवला होता फ्रिजात, कॅमेऱ्यासमोर."

"पण लेन्सला झाकण होतं!"

"होतं ना. म्हटलं, विसरलात नेहमीसारखे, म्हणून मीच काढलं. झाकण लावून कोण फोटो काढतं?"

"आणि दार?"

"पाणी कोण देणार सगळ्यांना? दूध? उघडलं असेल चारचौघं उघडतात तितकं."

हेडक्लार्कना सगळा हिशेब लागला. दार उघडलं की फ्रिजमधला दिवा लागत होता. दिव्यात पांढराशुभ्र फ्लॉवर चमकत होता. आणि कॉम्प्युटरने तो इमानेइतबारे तेजोमेघातून वजा केला होता. राहिलं होतं ते फ्लॉवरच्या आकाराचं भोक.

"मी पुन्हा काढतो," ते क्षीण आवाजात म्हणाले. "ढगाशिवाय."

"छे छे!" साडूंना एकदम हुरूप आला. "ढगाला हात लावायचा नाही! सबंध फोटोत बघण्यासारखा तेवढाच आहे. आणि तो आमच्या मेहुणीचा."

"रंगही माझेच," बायकोने कप पुढे करत सांगितलं. "पडद्यांवरून घेतलेत."

"आणि तेजोमेघ तर आधीपासून होताच," ताई म्हणाल्या. त्या फारशा बोलत नसत.

हेडक्लार्कनी आजूबाजूला पाहिलं. भिंत मिळाली होती, धबधबा गेला होता, आता निदान कशावर तरी आपला हक्क राहावा, म्हणून ते म्हणाले, "टांगला तर मीच ना?"

साडूंनी जवळ जाऊन फ्रेमच्या मागे डोकावून पाहिलं.

"खिळा आमचाच आहे," ते म्हणाले.