जुना भाग जमा

जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही, हा रुग्णालयाच्या भांडाराचा नियम. बल्बच्या चोऱ्या थांबवण्यासाठी भांडारकाकांनी तो अठरा वर्षांपूर्वी केला आणि स्वतःच्या सुवाच्य अक्षरात खिडकीवर डकवला. चोऱ्या थांबल्या. बऱ्याच खोल्यांत उजेडही थांबला, पण त्याची लेखी तक्रार कोणी केली नाही.

यंदा खुद्द काकांच्याच पायाची रक्तवाहिनी चोंदली. अंगठा काळानिळा पडला.

"बायपास करू," सर्जनबाई म्हणाल्या. "तुमच्या स्वतःच्या शिरा कामाच्या नाहीत, कृत्रिम नळी लागेल. तुमच्याच भांडारात एक शिल्लक आहे. दोन दिवसांत बसली नाही, तर पाय गेला म्हणून समजा."

काका निर्धास्त झाले. घरच्याच खिडकीवर कोण अडवणार? त्यांनी काकूंना मागणीपत्र देऊन पाठवलं. खिडकीत काकांनीच हाताखाली तयार केलेली कारकून होती.

"जुनी रक्तवाहिनी?" तिने हात पुढे केला.

"अगं, ती काढत नाहीत! आतच राहते. नवी बाजूने जोडतात."

"म्हणजे जुनी ठेवणार आणि नवीही नेणार? काकू, असं बल्बचंसुद्धा चालत नाही."

हे ऐकलं तेव्हा काकांचा पाय ठणकत होता, तरी त्यांचा ऊर भरून आला. पोरीने नाव राखलं होतं.

नियमाला अपवाद करायचा अधिकार भांडारपालाला, म्हणजे काकांनाच. त्यांनी पडल्या पडल्या सही केली. सही परत आली, कारण आजारी रजेवरच्या माणसाची सही ग्राह्य नसते. सर्जनबाईंनी चरफडत तंदुरुस्तीचा दाखला दिला. काका कागदोपत्री कामावर रुजू झाले आणि चाकाच्या खुर्चीतून खिडकीशी आले. या बाजूने त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. बरीच उंच होती.

पोरीने सही मान्य केली, मग दाखला वाचला. "काका, तंदुरुस्त माणसाला नळी कशाला?"

"अगं, माझा पाय चाललाय!"

"तसं लेखी द्या. म्हणजे तुम्ही पुन्हा आजारी, आणि सही रद्द."

तिसऱ्या दिवशी पाय कापावा लागला. जुना भाग रीतसर जमा झाला, पावती मिळाली आणि तासाभरात सीलबंद नळी हातात पडली. ती मांडीवर घेऊन काकू ढसाढसा रडल्या.

काही महिन्यांनी काका कुबड्या टेकत कामावर आले, ते थेट नियमाचा कागद फाडायलाच. कागद अर्धा फाटला, तोच त्यांचा पाय पाहून रांग हळहळली. "कसले हे नियम! माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

इतक्यात एकजण धावत आला. "भाऊ ऑपरेशनच्या टेबलावर आहे हो! आधी सामान द्या, चिठ्ठी आणि जुना भाग मागून आणतो."

काकांनी कपाटाकडे हात नेला मात्र, सगळी रांग खवळली. "आम्ही काय मूर्ख म्हणून उभे आहोत? आधी चिठ्ठी, आधी जुना भाग! रांगेत या!"

काकांनी अर्धवट फाटलेला कागद पुन्हा चिकटवला. सगळ्यात मोठा आवाज चौथ्या नंबरच्या टोकनवाल्याचा होता. तुमच्या हातातलं टोकन कितव्या नंबरचं आहे, बघा बरं.