खांबाखालचा माणूस

आर्वीच्या डॉक्टरनं सुखदेवले गोळी दिली, तं हा विचारते, "ही पोटात गेल्यावर पहिले कोणाले भेटते?" डॉक्टर हासला. सुखदेव नाई हासला. उत्तर भेटेपर्यंत स्टुलावरून उठला नाई. बाहेर पेशंटाची लाइन, अन् लाइनीत मी.

रोहण्यात त्याचं घर माझ्या घराले लागून. जनमभर लाइनमन होता. "तार कुठून आली, कुठं गेली, समजल्याशिवाय हात लावाचा नाई," हे त्याचं ठरलेलं बोलणं. बायकोच्या भाजीलेही तो हेच लावे. आता बायको नाई, पोरगी पुण्याले. ती आपला जुना कॉम्प्युटर देऊन गेली, अन् म्हाताऱ्याले नवा खांब सापडला.

एक दिवस कॉम्प्युटर म्हणे, जागा संपली. पोरीनं फोनवर एक ओळ धाडली. "बाबा, एवढं लिहा अन् एन्टर दाबा. जुने कर्नेल निघून जातील." दुसरा असता तं दाबून मोकळा झाला असता. सुखदेवनं वही काढली अन् मले हाक मारली.

"मी काऊन गा?"

"खाली माणूस उभा नसला तं खांबावर चढत नसतात. दोघाले समजल्याशिवाय दाबणार नाई."

आता मी चौथी पास. पण बहात्तर वर्षांत "मले समजलं नाई" असं मी कोणाले म्हटलं नाई. बसलो.

त्यानं सांगितलं ते असं. कर्नेल म्हंजे मशिनीचा कारभारी. नवा कारभारी येते, पण जुना घरी जात नाई, तिथंच बसून राह्यते. असे सात बसले होते.

"गावातल्या पुढाऱ्यासारखं," मी म्हटलं.

"मधात बोलू नको."

दिवसाले एक गोष्ट. सोमवारी 'सुडो', म्हंजे मालकाच्या हुकुमानं. मंगळवारी, आज कामावर कोणता कारभारी आहे ते पहिले विचाराचं. चालू लाइन कापली तं अंधार. बुधवारी कळलं, नुसतं सोंग करून पाहाचीही सोय आहे. मशीन सांगते काय काय काढीन, काढत काईच नाई. मंग ते कामाचं काय? पण मी मान हालवली. एक जुना कारभारी ठेवाचा म्हणे, नवा अडला तं कामी येते. मंग बाकीच्यायनं काय गुन्हा केला? पुन्हा मान हालवली. मान दुखाले लागली.

चहा रोज दोन कप. दोन्ही तोच मांडे.

पंधरा दिवसानं वही भरली. "समजलं का?"

"समजलं. दाब आता."

त्याचं बोट एन्टरवर गेलं अन् तिथंच थांबलं. कपाकडे पाहून हळूच म्हणे, "दाबलं का काम संपलं. मंग उद्या तू कायले येशील?"

मी धोतर सावरलं. घसा खाकरला.

"सुखदेव, खरं सांगू? मले नाई समजलं."

"कोणतं?"

"सुडोपासून."

"चौथीत तरी कोणी पास केलं गा तुले!" तो वरडला, अन् वहीचं पहिलं पान काढलं.