केरोबा धनेश चॅनल काढतो

एका जंगलात, बाळांनो, फळं बेताची होती, पाणी बेताचं होतं, पण रेंज मात्र भरपूर होती. बिळात शिरा नाहीतर शेंड्यावर चढा, फोन लागायचाच.

प्राण्यांकडे फोन कुठून आले, असं विचारू नका. गोष्टीत मधेच प्रश्न विचारणाऱ्या मुलांना कोल्हा नेतो.

तर त्या जंगलात केरोबा नावाचा एक धनेश पक्षी राहायचा. त्याची चोच काय वर्णावी! पिवळीधमक, बाकदार, आणि देवाचा हात सैल सुटल्यासारखी वर आणखी अर्धी चोच. त्या चोचीचे फोटो केरोबा रोज टाकायचा. चोच डावीकडून. चोच उजवीकडून. उगवत्या सूर्याकडे बघून विचार करणारी चोच. फॉलोअर नुसते धो धो वाढत होते.

केरोबाची बायको साळू. ती कधी फोटोत नसायची, कारण ती भिंतीआड होती.

घाबरू नका. धनेशांच्या घराण्यात रीतच आहे तशी. अंडी घालायचे दिवस आले की बाई झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार चिखलानं लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. पिल्लं जरा मोठी होईपर्यंत ती आतच. नवऱ्यानं फळं आणायची आणि फटीतून भरवायची. तो आला नाही तर आत सगळे उपाशी. काम इतकं सोपं, की त्यात चूक करायला बुद्धी लागते.

केरोबाला बुद्धी होती.

शिवाय त्याला एक सल्लागारही होता. मिठाराम पोपट. हा मिठाराम पूर्वी चिठ्ठ्या उचलून लोकांचं नशीब सांगायचा. आता फॉलोअर कसे वाढवावेत ते सांगायचा. काम तेच होतं, फक्त पिंजरा गेला होता.

"केरोबा," मिठाराम म्हणाला, "फॉलोअर म्हणजे जत्रेतली गर्दी. येते, बघते, पुढे जाते. त्यातली आपली माणसं वेगळी काढा. त्यांचा ग्रुप करा."

"आपली माणसं म्हणजे कोण?"

"सगळीच. पण प्रत्येकाला वाटलं पाहिजे, की फक्त आपणच."

केरोबाला हे फारच पटलं. त्यानं ग्रुप काढला. नाव ठेवलं 'केरोबांचा आतला गोट'. उन्हं कलायच्या आत अर्धं जंगल आतल्या गोटात आलं आणि उरलेलं अर्धं रुसून बसलं. मग त्यांनाही घेतलं.

आणि काय ती धमाल सुरू झाली! बेडकांनी एकमेकांना सुप्रभात घातली. सगळ्या बेडकांनी, सगळ्या बेडकांना. कावळ्यानं तेराव्याच्या जेवणाचे पत्ते टाकले. तरसानं हाडांची विक्री काढली, 'थोडी वापरलेली, भाव बोलून ठरवू'. साळिंदरानं तीनदा विचारलं, "हा ग्रुप कुणाचा आहे?" कासवानं सगळ्यांना उत्तरं दिली, पण ती परवाच्या प्रश्नांची होती.

या गदारोळात एक निरोप साळूचाही होता. 'अहो, अंडी फुटली. दोन पिल्लं आहेत. उंबरं आणा.'

त्याच्या वर बेडूक, खाली बेडूक. केरोबाला तो दिसलाच नाही.

"अहो मिठाराम, हे काय चाललंय! माझ्या ग्रुपात माझीच चोच दिसेना!"

"मग तोंडं बंद करा की त्यांची," मिठाराम म्हणाला. "चॅनल करा. तुम्ही एकट्यानं बोलायचं. बाकीच्यांनी बदाम द्यायचा. लाल बदाम म्हणजे आवडलं, अंगठा म्हणजे वाचलं."

"आणि नाही आवडलं तर?"

"रागावलेलं तोंड आहे ना. पण तेही चांगलंच. तोंड आलं म्हणजे निरोप पोचला!"

झालं. ग्रुपचं चॅनल झालं. जंगलात अशी शांतता पसरली, की केरोबाला आपणच तिचे निर्माते आहोत असं वाटलं. आणि तो होताच. त्यानं पहिला विचार टाकला, 'उडण्याआधी पंख उघडा.' बदाम, बदाम, बदाम! दुसरा टाकला, 'भूक हीच खरी प्रेरणा.' हरणांना रडू आलं.

त्यावर एक रागावलेलं तोंडही आलं. ढोलीतून.

"वा!" केरोबा म्हणाला. "घरापर्यंत पोचलं."

नाही नाही, अगदी विसरला नव्हता हो तो बायकोला. उलट चॅनलवर मतदान घेतलं त्यानं. 'आज साळूला काय न्यावं? उंबरं, वडाची फळं, की इतर?' दिवसभर जंगल चुरशीनं मतं देत होतं. शेवटी 'इतर' जिंकलं. मग केरोबानं दुसरं मतदान घेतलं, 'इतर म्हणजे काय?' त्यात 'सांगता येत नाही' जिंकलं. लोकांचा कौल तो! केरोबानं मान तुकवली आणि साळूकडे काहीच नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो ढोलीपाशी आला. फटीजवळ उजेड छान पडायचा, म्हणून.

"अहो!" आतून आवाज आला. "आलात का एकदाचे? पिल्लांचा आवाज बसलाय भुकेनं. धाकटं तर मान वर करत नाही."

"हळू बोल गं. लाईव्ह आहे."

"तुमच्या लाईव्हला लागो वाळवी! उंबर कुठंय?"

केरोबानं चोच किंचित तिरकी केली. "मंडळी, हा आमचा घरचा पाठिंबा," तो फॉलोअरना म्हणाला आणि उडाला.

त्याच दुपारी दहा हजार फॉलोअर झाले. अभिनंदनाचे फोन आणि सत्कार सुरू झाले. वाघाचा फोन आला. कोल्ह्याचा आला, वाघाचा फोन आला का ते विचारायला. केरोबा इतका फुलला, की फांदीवर मावेना. आता चॅनलवर विचार टाकायला त्याला वेळ मिळेना.

"दुसरा अ‍ॅडमिन नेमा," मिठाराम म्हणाला. "विश्वासातला. रिकामा असलेला."

रिकामं कोण? केरोबानं लगेच साळूला फोन लावला. "अगं, चॅनलवर तू टाकत जा काहीबाही. नाहीतरी दिवसभर बसूनच असतेस."

 मग साळू म्हणाली, "बरं."

आणि साळूनं चॅनलवर पहिला निरोप टाकला. एकच शब्द.

'उंबर.'

बाळांनो, जंगल हललं! इतके दिवस विचार वाचून वाचून सगळे थकले होते. हा शब्द थेट आत उतरला. कुणाला उत्तर देता येत नव्हतं, वाद घालता येत नव्हता. मग करायचं काय? माकडांनी झाडं हलवली. खारींनी गालात भरून आणली. हत्तीनं आख्खी फांदीच आणून साळूची ढोली होती त्या बेहड्याच्या झाडाला टेकवली. ढोलीच्या फटीसमोर रांग लागली. प्रत्येक जण एकेक उंबर आत सरकवायचा, आणि आतून चोच यायची, उंबर घ्यायची, लगेच दुसऱ्यासाठी यायची.

संध्याकाळी धाकट्यानं मान वर केली. दुसऱ्या दिवशी तर दोघं मिळून ओरडायला लागली.

साळूनं दुसरा निरोप टाकला. 'पाल.'

जंगलातल्या यच्चयावत पालींनी त्याच क्षणी चॅनल सोडलं. काही जणींना उशीर झाला.

इकडे केरोबाचे सत्कार संपले. त्याला कडकडून भूक लागली. उंबराच्या झाडावर गेला, झाड रिकामं. वडावर गेला, वडही रिकामा. सगळी फळं आतल्या गोटात गेली होती. त्यानं घाईघाईनं चॅनलवर टाकलं, 'मला भूक लागली आहे.'

केवढे बदाम आले! हरणं पुन्हा रडली. मिठारामनं कळवलं, "आजवरचा सर्वांत खोल विचार." एकानंही उंबर आणलं नाही.

शेवटी केरोबा ढोलीपाशी आला. रांग लांबलचक होती. तो पुढे घुसायला गेला, तर साळिंदर म्हणालं, "ओ, मागं या. तुम्ही कोण?"

केरोबा मागं गेला. कासवाच्याही मागं. नंबर लागेपर्यंत अंधारून आलं. मग त्यानं फटीला चोच लावली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "अगं, ऐकलंस का? एखादं उंबर..."

आतून एक चोच आली. तिनं त्याच्या चोचीत पिकलेलं उंबर ठेवलं. गोड होतं.

"आई," आतून पिल्लानं विचारलं, "बाहेर कोण आलंय गं?"

"फॉलोअर आहे, बाळा," साळू म्हणाली. "खा तू."

तात्पर्य : बोलून पोट भरत नाही, हे साफ खोटं आहे. छान भरतं. फक्त काय हवं ते एका शब्दात सांगावं लागतं. ज्यांच्याकडे त्याहून जास्त शब्द असतात, त्यांना बदाम मिळतात.